न मोडणाऱ्या मूर्तींचा गेम

आमचा गेम कोणी चोरला नाही, यावरून तो किती सपाटून पडला ते समजावं. नव्वदीच्या मध्यावर आमच्या जिल्ह्यात गेम विकत घेणारा माणूस मला तरी भेटला नव्हता. गेम एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर जायचे. एखाद्या क्लासात गाड्यांच्या शर्यतीचा गेम आला की आठवड्याभरात तो पनवेलपासून महाडपर्यंत पोचायचा, आणि त्यात कुणाला काही गैर वाटायचं नाही. आम्ही शहाणे. आमच्या फ्लॉपीची कॉपी होऊ नये म्हणून आम्ही तिला कुलूप घातलं होतं. ते कुलूप तोडून बघायचे कष्टसुद्धा कोणी घेतले नाहीत.

हल्ली घरात बसून दोघातिघांनी केलेल्या गेमला इंडी गेम म्हणतात. तो पडला की तरुण मंडळी कारणं काढत बसतात. जाहिरात झाली नाही, वेळ चुकली, नाव चुकलं, लोकांना कळलाच नाही. मी कौतुकाने ऐकते. आमच्याकडे यातली सगळीच कारणं हजर होती. पण त्यांच्यामुळे आमचा गेम पडला नाही. तो माझ्यामुळे पडला, आणि हे मी विनयाने म्हणत नाही.

आम्ही म्हणजे मी आणि दादा. दादा माझ्या मावशीचा मोठा मुलगा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी गावात राहायचा आणि धाटावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा. पुढच्या खोलीत त्याने एक कॉम्प्युटर घेऊन ठेवला होता, आणि शिफ्ट सांभाळून उरलेल्या वेळात तो क्लास घ्यायचा. पेणला तेव्हा टायपिंगच्या क्लासांचंच राज्य होतं, म्हणून मी कॉम्प्युटर शिकायला पॅसेंजरने रोह्याला जायला लागले. वर्षभराने शिकणारी मी शिकवणारी झाले.

आमच्या घरी पेणला गणपतीचा कारखाना. आप्पा, म्हणजे माझे वडील, शाडूचंच काम करायचे. आजूबाजूला प्लास्टर आलं तरी त्यांनी माती सोडली नाही. मी लहानपणापासून तिथे बसायचे. आधी मूर्ती घासायचं काम, मग अंगाचा रंग, मग दागिन्यांचं सोनेरी काम. एवढ्यावर माझी बढती थांबली. डोळ्यांची आखणी आप्पा स्वतः करायचे. अगदी शेवटी, सकाळच्या उजेडात, दाराशी पाट टाकून. माझा हात स्थिर होता, हे सगळा कारखाना म्हणायचा. आप्पा मात्र दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. अशी सहा पुढची वर्षं आली आणि गेली. मी तोंडाने काही बोलले नाही, पण मला त्याचा भयंकर राग होता.

गेमची कल्पना दादाची. त्याला कंपनीतून सुटायचं होतं. दर आठवड्याला बदलणाऱ्या शिफ्टने त्याची झोप गेली होती. अकरा वर्षं झाली, आता पुरे, असं तो म्हणायचा. बाहेरचे गेम खेळून त्याच्या डोक्यात आलं की आपल्याकडचा, आपल्या भाषेतला गेम कोणी केलेलाच नाही. चित्रं मी काढायची, प्रोग्रॅम त्याने लिहायचा. होळी झाल्यावर त्याने सहा महिन्यांची बिनपगारी रजा टाकली. वहिनीशी त्याचं बोलणं ठरलं होतं. चतुर्थीपर्यंत गेम चालला तर राजीनामा, नाही तर मुकाट्याने पुन्हा शिफ्ट. वहिनीने हे माझ्यासमोर त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, म्हणजे मी साक्षीदार झाले.

गेमचं नाव ‘कारखाना’. पडद्यावर चार फळ्या, एकीखाली एक. वरच्या फळीवर मूर्ती यायची आणि हळूहळू घसरत खाली निघायची. खेळणाऱ्याने बाणांची बटणं दाबून फळी तिरकी-सरळ करायची आणि प्रत्येक फळीवर मूर्तीला बरोबर जागी थांबवायचं. पहिल्या फळीवर ती वाळणार, दुसरीवर घासली जाणार, तिसरीवर रंग, चौथीवर सोनेरी काम. खाली गिऱ्हाइकांची रांग. जसजशी चतुर्थी जवळ येईल तसतशा मूर्ती वेगाने यायला लागणार. दादाने वहीत हे मला समजावून सांगितलं तेव्हा मी त्याला म्हटलं, तू कंपनीत फुकट गेलास.

चित्रं मी आलेखाच्या वहीत काढायचे. एक चौकोन म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. पेणहून निघालेली पॅसेंजर कासू स्टेशनात क्रॉसिंगसाठी थांबली की हात हलायचा नाही, म्हणून बारीक काम मी कासूसाठी राखून ठेवायचे. चाळीस चौकोन उंच आणि तीस रुंद, एवढ्या जागेत आख्खा गणपती बसवायचा होता. सगळ्यात आधी मी डोळे काढले. एका डोळ्याला नऊ ठिपके. तीन दिवस मी त्या अठरा ठिपक्यांशी भांडत होते. एक ठिपका इकडचा तिकडे झाला की गणपती रागीट दिसायचा, दुसरा हलला की झोपाळू. शेवटी ते जमले. दादाने पडद्यावर आणले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हाताने बाहेर आली आणि तिने हात जोडले. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी परतीच्या गाडीत उगाचच हसत होते.

मग तोच गणपती आम्ही सगळ्या फळ्यांवर वापरला. वाळताना तोच, घासताना तोच, फक्त रंग बदलत जायचे. डोळे पहिल्या फळीपासून. खऱ्या कारखान्यात असं कोणी कधी करत नाही, हे मला माहीत नव्हतं असं मी कसं म्हणू? पण तो माझा कारखाना होता आणि तिथे पुढच्या वर्षीची वाट बघायची नव्हती.

पुढे दादाने विचारलं, मोडण्याची चित्रं कधी देतेस. फळी फार तिरकी झाली की मूर्ती खाली पडणार, फुटणार, आणि तीन फुटल्या की खेळ संपणार, असं त्याने लिहून ठेवलं होतं. त्याला चार चित्रं हवी होती. पडते, आपटते, तडकते, तुकडे होतात. मी वही घेऊन बसले. पहिलं चित्र काढलं. दुसऱ्यावर हात चालेना. ते डोळे माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याखालची सोंड तोडायला निघाले होते. आठवडाभर मी आज देते, उद्या देते करत राहिले. दादा चिडला नाही, पण रोज विचारायचा.

मग मी सांगितलं की आप्पांना हे चालणार नाही. पडद्यावर गणपती फुटलेला दाखवला तर त्यांना पेणमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं ते म्हणाले.

आप्पा असं काहीही म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नव्हतं. आम्ही गेम करतोय एवढंच घरात माहीत होतं, आणि काय करतोय ते मी कुणाला दाखवत नव्हते. पण आप्पांचा शब्द म्हटल्यावर दादा गप्प झाला. तो त्यांना काका म्हणायचा आणि फार मानायचा. तरी त्याने सुचवून बघितलं. आपण दोघं पेणला जाऊ, त्यांना सगळं नीट दाखवू, काही मार्ग निघेल. मी म्हटलं, हंगाम सुरू झालाय, ते आता कुणाशी बोलत नाहीत. हे मात्र खरं होतं.

तोडगा मीच काढला. मूर्ती पडायला लागली की खालून एक हात येईल, तिला अलगद झेलेल आणि परत फळीवर ठेवेल. हात मी फार सुरेख काढला. आप्पांचाच, अंगठ्याला रंग लागलेला. दादा म्हणाला की चित्र झकास आहे, पण मग हरायचं कसं? मी म्हटलं, आपल्याकडे काय सगळ्यात हरायलाच पाहिजे का? त्याच्याकडे दुसरा इलाज नव्हता. चित्रं माझ्या हातात होती आणि दिवस जात होते. त्याने तो हात गेममध्ये घातला.

चतुर्थीला सहा आठवडे असताना गेम तयार झाला. फ्लॉप्या प्लास्टिकच्या पाकिटात घातल्या, वर कागदाचं वेष्टण. मी अलिबाग आणि पनवेलचे क्लास धरले, दादाने नागोठण्यापासून माणगावपर्यंतचे. दाखवण्यापुरता तो जिथे लावू तिथे गर्दी व्हायची. पडद्यावर गणपती आणि अक्षरं मराठी, हे लोकांनी कधी बघितलंच नव्हतं. पहिली पाच मिनिटं आम्ही राजे असायचो. मग कोणाची तरी मूर्ती पडायची आणि तो हात यायचा. सगळे हसायचे. पुढचा जो बसेल तो मुद्दाम मूर्ती पाडायचा, हात बघायला. मग सगळेच पाडायला लागायचे. हात येतोय, ठेवतोय, येतोय, ठेवतोय. दहा मिनिटांत कोणीतरी जांभई द्यायचं आणि गाड्यांची शर्यत लावायचं.

अलिबागच्या क्लासात पोस्टात काम करणारी एक बाई शिकायला यायची. तिने मात्र नीट, मन लावून खेळून बघितला. मूर्ती वेगाने यायला लागल्यावर तिने एकदा हात बटणांवरून काढून घेतले आणि पडदा बघत बसली. मूर्ती पडत होत्या, हात झेलत होता, चतुर्थी आली, सगळ्या मूर्ती तयार, अभिनंदन अशी पाटी आली. तिने मला सरळ विचारलं, “मी बसले काय आणि नाय बसले काय, ह्याला फरक काय पडतो?” मी तिला काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, इतकं ते पोकळ असणार.

एका सायंदैनिकात कॉम्प्युटरवर सदर यायचं, तिथे दादाने फ्लॉपी पाठवली होती. तीन ओळी आल्या. चित्रांचं कौतुक होतं आणि हा गेम नसून कॅलेंडर आहे, अशा अर्थाचं काहीतरी होतं. दादाने ते कापून वहीत चिकटवलं. का चिकटवलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, लिहिणाऱ्याने शेवटपर्यंत खेळून बघितलाय.

चतुर्थी झाली. विसर्जनानंतरच्या सोमवारी दादा पहिल्या शिफ्टला हजर झाला. वहिनीने पहाटे डबा भरून दिला. तिने आपलं बोलणं पाळलं, त्याने त्याचं. मला वाटलं होतं, तो मला काहीतरी बोलेल. तो उलट माझीच समजूत काढत होता. काकांचा मान राखला ते बरं झालं, गेम काय, पुन्हा करू. तरी मी खरं बोलले नाही. बोलायचं ठरवून मी तीनदा रोह्याला गेले आणि तिन्ही वेळा क्लास घेऊन परत आले.

माघात दादाच्या धाकट्या मुलीचं बारसं झालं. आप्पा हंगाम संपल्यावरच घराबाहेर पडायचे, त्यामुळे या बारशाला आले. दादाला त्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती. तीन वाजता पहिली शिफ्ट सुटली की तो येणार होता. जेवणं झाल्यावर बायका मागच्या अंगणात बसल्या आणि पुढच्या खोलीत आप्पा कॉम्प्युटरवरचं कापड उचलून बघत होते. वहिनी म्हणाली, “काका, तुमच्या लेकीचा गेम दाखवू?” मी नको म्हणायच्या आत तिने बटण दाबलं होतं.

आप्पांना खुर्ची दिली. बाणांची बटणं मी दाखवली. ते एका बोटाने, फार काळजीपूर्वक दाबत होते. पहिल्या फळीवर मूर्ती आली. ते पुढे वाकले. मला वाटलं, डोळ्यांबद्दल बोलतील. ते बोललेच.

“डोळे आधीच आखलेस?”

मी मान हलवली. ते बराच वेळ त्या अठरा ठिपक्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले की चांगले आहेत, डावा जरा उघडा आहे, पण चांगले आहेत. सहा वर्षं ज्या वाक्यासाठी मी तोंड फुगवून बसले होते ते मिळालं, आणि मला त्याचा काही आनंद होईना. कारण तोवर त्यांच्या हातून फळी तिरकी झाली होती, मूर्ती घसरली होती आणि खालून हात आला होता.

त्यांनी विचारलं, हा हात कोणाचा. मी म्हटलं, तुमचा. ते म्हणाले, “माझा हात येवढा पुरत नाय.” आणि मग, मूर्ती मोडत का नाय?

मी म्हटलं, आप्पा, गणपती मोडलेला कसा दाखवायचा?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्या घरातली आहे. “आपल्याकडं रोज मोडत्यात. टपात भिजत पडल्याल्या सोंडा तू बघितल्या नायस व्हय? डोळे आखले नाय तोवर शाडू हाय ती. मोडली की भिजवायची, मळायची, परत साच्यात. दोन दिवस गेले, येवढंच.”

“आणि आखल्यावर मोडली तर?” हे वहिनीने विचारलं.

आप्पांनी बटणावरचं बोट काढलं. म्हणाले, मग ती भोगावती नदीत सोडून यायची आणि त्या दिवशी मी जेवत नाय.

मला ते दिवस आठवले. हंगामात असे एक-दोन दिवस यायचे. आप्पांचं ताट मांडलंच जायचं नाही, आई काही बोलायची नाही आणि आम्ही समजायचो की त्यांचा पारा चढलाय. मूर्ती डोळ्यांशिवाय फळ्यांवरून आणायची, मोडली तर दोन दिवस वाया. शेवटच्या फळीवर डोळे आखायचे, आणि त्यानंतर पडली तर खेळ संपला. सगळा गेम तिथे होता. त्यासाठी रोह्याला जायचीही गरज नव्हती, तो आमच्याच घरात जेवणाच्या पाटावर होता. मी ज्या माणसाचं नाव पुढे करून तो बंद पाडला, त्या माणसाला एकदा विचारलं असतं तर त्याने तो हातात दिला असता.

आप्पा चारच्या गाडीने जायला निघाले. मी म्हटलं, मी थांबते. दादा आला तेव्हा अंगणातली गर्दी पांगली होती. त्याने आधी मुलीला घेतलं, मग कंपनीचे बूट काढत पुढच्या खोलीत बसला. पडदा चालूच होता. काकांनी बघितला का, म्हणून त्याने घाबरत घाबरत विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं. आप्पा काय म्हणाले ते आधी सांगितलं, कारण ते सोपं होतं. तो ऐकता ऐकता सरळ बसला. टेबलावरचं पेन घेऊन त्याने बारशाच्या पेढ्यांच्या खोक्यावर चार रेघा मारल्या, फळ्या, आणि पहिल्या तीन फळ्यांवर गोल काढले, बिनडोळ्यांचे. चौथीवरच्या गोलात दोन ठिपके दिले. त्याचा चेहरा होळीनंतरच्या दिवसांत असायचा तसा झाला. मग त्याला प्रश्न पडला. तो म्हणाला, पण मग तेव्हा काका ‘नाय’ कशाला म्हणाले?

“ते नाय म्हणालेच नव्हते दादा. मी त्यांना विचारलंच नव्हतं.”

त्याने पेन खाली ठेवलं. मला वाटत होतं, आता तो ओरडेल, आणि ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. आत मुलगी रडायला लागली, वहिनी तिला घेऊन फिरायला लागली. दादा त्या खोक्यावरच्या रेघांकडे बघत होता. मनात कामाच्या दिवसांचा हिशोब केल्यासारखे त्याचे ओठ हलले.

“एका दिवसाचं काम होतं गो,” तो म्हणाला. मग उठला आणि हातपाय धुवायला गेला.